चौथा वाटा

४ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ७.१०
आजपासून नवी रोजनिशी. जुनी जयाने शोधून काढली आणि तिच्यातलं एक पान मायला मोठ्याने वाचून दाखवलं. सख्ख्या बहिणीने. ही वही धानाच्या पोत्यांमागे राहील.

यंदाचे संकल्प. जेनेटिक्सचा राहिलेला पेपर काढायचा. (तिसरी वेळ. पहिल्यांदा प्रश्न अवघड आले. दुसऱ्यांदा पुढचा मुलगा उंच होता, भिंतीवरचं घड्याळ दिसलं नाही.) बीएस्सीचा प्रोजेक्ट असा करायचा, की विद्यापीठात नाव व्हावं. आणि संक्रांतीपर्यंत पुनमच्या वडिलांशी बोलायचं.

प्रोजेक्टचा विषय सिकलसेल. साहित्य घरातच आहे. बिघडलेलं जनुक आईबाप दोघांकडून आलं तर माणूस आजारी. एकाकडूनच आलं तर वाहक, त्याला काही होत नाही. बाबा वाहक, माय वाहक. अशा जोडप्याची मुलं एकास दोनास एक या प्रमाणात: एक आजारी, दोन वाहक, एक निर्मळ. आम्ही भावंडं चार. जया आजारी, तिचं कार्ड लाल. विक्कीदादा वाहक, पिवळं कार्ड. रिंकूताई वाहक, पिवळं कार्ड, सासरी नेलं. उरला कोण? मी. उरलं काय? निर्मळ. पांढरं कार्ड. मला रक्त तपासायची गरजच नाही, गणिताने तपासून झालं आहे.

जया म्हणाली, "दादा, सुईले भेतेस म्हण ना सरळ."

चूक. गावात दोनदा कॅम्प झाला. पहिल्या वेळी मी आलापल्लीला मामाकडे होतो. दुसऱ्या वेळी ताप होता. ९८.९.

७ नोव्हेंबर, गुरुवार
आज प्रस्तावना लिहिली. सोपं उदाहरण सुचलं, पुस्तकात नाही असं. आम्ही ढिवर. तलावावर मासे निघाले की ताडपत्रीवर वाटे पडतात, जितकी घरं तितके वाटे. पाडणारा स्वतःचा वाटा शेवटी उचलतो, म्हणजे त्याला लबाडी करता येत नाही. तीन घरांनी तीन उचलले की चौथा कुणाचा हे विचारावं लागत नाही.

आमच्या घरात हिशेब मांडणारा मी. म्हणून शेवटचा वाटा माझा. तो पांढरा.

वंशावळीचा तक्ता कार्डशीटवर काढला. पुरुष चौकोन, बाई गोल. आजारी पूर्ण काळा, वाहक अर्धा काळा. माझा चौकोन सगळ्यात सरळ आला.

१२ नोव्हेंबर, मंगळवार
सर्व्हे. मिथुनच्या मोटरसायकलवर बारा घरं केली. मिथुन माझा बालमित्र, बारावीनंतर कॉलेज सोडलं, आता वडिलांच्या जाळ्यावर असतो. त्याला विषयाची काही समज नाही, पण गाडी आहे.

सुगंधाबाईंना छापील प्रश्नावलीतला प्रश्न विचारला: कुटुंबातील मृत व्यक्ती क्रमाने सांगा. त्या उठून आत गेल्या. मिथुन ओट्यावर पाय पसरून बसला आणि ओरडला, "मावशे, चहा मांड वो. मंग सांग, तुह्या घरी कोणाकोणाचे हातपाय दुखते." त्यांनी तीन पिढ्या सांगितल्या. मध्ये एकदा रडल्या, मिथुनने त्यांना त्यांच्याच पदराने डोळे पुसायला लावले.

माझ्या प्रश्नावलीमुळे त्यांना आधी विचार करायला वेळ मिळाला, हे मिथुनच्या लक्षात आलं नाही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार. दुपार
पुनमबद्दल लिहिलं पाहिजे. माझ्याच वर्गात आहे. म्हणजे होती, ती पुढच्या वर्गात गेली. शेजारच्या गावची. वडील गुणवंतराव मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष. आमचीच माणसं, त्यामुळे अडचण नाही. ती वाहक. पिवळं कार्ड पर्समध्ये घेऊन फिरते.

आज कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर म्हणाली, "माह्या आत्याचं पोरगं याच्यातच गेलं. सात वर्साचं होतं. मी आता पह्यले कार्ड पाहीन, मंग थोबाड."

मी तिला बाजूला घेऊन माझं गणित समजावलं. शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "बरं. पन कार्ड कुठी आहे?"

मी म्हणालो, कार्ड ही केवळ औपचारिकता आहे. ती म्हणाली, "मंग करून टाक ना औपचारिकता. मी थांबतो." आमच्याकडे मुलीही "थांबतो" म्हणतात. पण थांबतो म्हणाली!

संकल्प: पुढच्या कॅम्पला नक्की.

२८ नोव्हेंबर, गुरुवार
कॉलेजात कॅम्प झाला. नावं लिहायला व्यवस्थित अक्षराचा माणूस हवा होता. मीच पुढे झालो. एकशे चौदा नावं, एकही खाडाखोड नाही. माझी वेळ येईपर्यंत सामान संपलं. नाइलाज.

मिथुन मला न्यायला आला होता. बिस्किटचा पुडा मिळतो म्हणून त्याने बोट पुढे केलं. त्याचं कार्ड पांढरं निघेल अशी लक्षणं आहेत. पांढरं कार्ड, आणि ते बिस्किटासाठी! मी त्याला कार्डाचं महत्त्व नीट सांगितलं. एका घरी पिवळं असेल तर दुसऱ्या घरी पांढरंच हवं, मग मूल आजारी होतच नाही. कार्ड आलं की पाकिटात जपून ठेव, म्हणालो. तो म्हणाला, "ठेवतो बे मास्तर."

पुनमने दुरून हाताने खूण केली: झालं का? मी रजिस्टर दाखवलं.

९ डिसेंबर, सोमवार
प्रोजेक्टचा कच्चा मसुदा परत आला. जेनेटिक्सच्या मॅडमनी माझ्या वाट्यांच्या उदाहरणावर लाल पेनाने आडवी रेघ मारली. "प्रत्येक अपत्य स्वतंत्र. आधीच्या तिघांवरून चौथ्याचं ठरत नाही. स्वतःची चाचणी केलीत का?"

मॅडम बाहेरच्या आहेत. तलावावर वाटे पडताना त्यांनी पाहिलेलं नाही. शिवाय इतकं मौलिक उदाहरण विद्यार्थ्याला सुचलं की शिक्षकाला कसं वाटतं ते मी समजू शकतो. ज्यांच्याकडून शाबासकीची अपेक्षा होती त्यांनीच पाय ओढला. रेघ पांढऱ्या शाईने झाकली.

२२ डिसेंबर, रविवार
जयाला पहाटेपासून कळा. पाय, मग पाठ. थंडी वाढली की होतं. तोंडात ओढणी धरून पडली होती. ॲम्ब्युलन्सला वेळ लागणार म्हणाले, म्हणून मिथुनने तिला गाडीवर मध्ये बसवलं, मागे माय, आणि कुरखेड्याला नेलं. मी तिची फाईल तारीखवार लावून एसटीने गेलो. डॉक्टर म्हणाले, फाईल चांगली ठेवली आहे.

सलाईन लावल्यावर दुपारी ती बोलली. "दादा, तुह्या तक्त्यात मी कोणती?"

तक्ता सोबत होताच. काळा गोल दाखवला.

"काळी काऊन केली बे मले?"

नियम आहे, म्हणालो.

"एकदा तरी गोरी करायची होती." आणि हसली. हसल्याने पाठ दुखली. मग म्हणाली, "अन् हा पांढरा तू? तपासून पाह्यलं?"

नर्स आत आली, म्हणून उत्तर राहिलं.

५ जानेवारी, रविवार
बाबा तलावावर जाळं टाकत होते. काठावर उभं राहून त्यांना म्हणालो, गुणवंतरावांशी लग्नाचं बोला. ते म्हणाले, "कार्ड आण, बोलतो." त्यांनाही गणित समजावलं. बाबा तिसरी शिकलेले. ऐकून घेतलं, जाळं झटकलं, पुन्हा फेकलं. म्हणाले, "हे पाह्य. मागच्या तीन बारीले बोटाएवढे झिंगे आले. मंग आता हातभर मरळच येईन काय?"

मी म्हणालो, ते वेगळं.

"वाटे पडते ते मासे निंगाल्यावर, बापा. पोट्टे जलमते ते जाळ्यावानी. दर बारीले फेक नवी. पान्याले मागचं याद नाई राहत."

जाळं ओढलं. झिंगेच होते. म्हणजे उलट मागचंच पुन्हा आलं. बाबांचा मुद्दा त्यांच्याच जाळ्याने खोडला. दुःख एवढंच, की स्वतःचा बाप मॅडमच्या बाजूने बोलला.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत
आजचा दिवस मोठा. बाबा आले नाहीत, मीच गेलो. तक्ता प्लास्टिकच्या पाइपात गुंडाळून, मिथुनच्या गाडीवर. त्याला बाहेर थांबायला सांगितलं.

गुणवंतराव चष्मा लावून बसले. मी काडीने दाखवत सगळं सांगितलं. वाहक आणि वाहक आले तर काय होतं, वाहक आणि निर्मळ आले तर काय होत नाही. त्यांच्या बहिणीचं मूल गेलं ते का, हे त्यांना आज पहिल्यांदा कळलं. मग म्हणाले, "बापा, इतकं समजून देनारा कोणी नाई भेटला आजवर. आता पांढऱ्या कार्डाबिगर माह्यी पोरगी मी कोनाले देत नाई. लिहून घ्या."

पहिला टप्पा यशस्वी.

मग विचारलं, "अन् तुमचं कार्ड?" मी पांढरा चौकोन दाखवला. ते म्हणाले, "हा तं तुम्हीच काढला ना गा."

तेवढ्यात पुनमने मिथुनला तिळगूळ घ्यायला आत बोलावलं. गुणवंतरावांनी सहज विचारलं, "तुह्यं कोनतं बे?" त्याने पाकिटातून काढून दिलं. पांढरं. प्लास्टिकच्या कव्हरात, एक सुरकुती नाही. गुणवंतरावांनी ते उलटसुलट करून पाहिलं, पुनमनेही पाहिलं. नमुना म्हणून मिथुनचं कार्ड फार कामी आलं.

परत येताना मिथुन दोनदा फाटा चुकला. त्याला विषय जड गेला असावा.

२७ जानेवारी, सोमवार
मिथुनची गाडी सतत कामात. फोन केला की म्हणतो संस्थेच्या कामाने गुणवंतरावांकडे आहे. माझ्या प्रोजेक्टसाठी तो तिथे ओळख वाढवतो आहे, हे त्याने न सांगताच कळलं. खरा मित्र.

पुनमने मेसेज केला: "झाली का औपचारिकता?" मी "प्रक्रियेत आहे" असं कळवलं. तिने अंगठा पाठवला.

८ फेब्रुवारी, शनिवार
पेपर. देवाने ऐकलं. प्रश्न चौथा, पाच गुण: आईवडील दोघेही वाहक. तीन अपत्यांपैकी एक आजारी, दोन वाहक. चौथे अपत्य निर्मळ असण्याची शक्यता किती?

माझ्याच घरावर प्रश्न! उत्तर लिहिलं: शंभर टक्के. खाली दोनदा रेघ, वाट्यांच्या उदाहरणासह. वेळ उरला म्हणून ताडपत्रीची आकृतीही काढली.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
गावात कॅम्प. मी रजिस्टर मागितलं. लॅबवाली करिष्मा म्हणाली, यंदा मोबाइलवर नोंद होते. बाहेर निघालो तर दारात जया खुर्ची टाकून बसलेली. "दादा, मले महिन्याले टोचते. तुले एकदा." तिच्यामागे रांगेत पुनम उभी. शेजारच्या गावाहून आली होती. पाहायला.

बसलो. बोट पुढे केलं. सुईचं काहीच वाटलं नाही, हे नोंदवून ठेवतो. एक थेंब नळीतल्या पाण्यात टाकतात. नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरतात. रेघा दिसल्या तर रक्त निर्मळ.

मी आयुष्यभर रेघा मारल्या आहेत. रेघ मला ओळखू येते.

नळी गढूळ झाली. रेघा गेल्या.

करिष्माला म्हणालो, नळी धुतलेली नव्हती. तिने नवी नळी, नवा थेंब घेतला. तेच. उजेड कमी आहे म्हणालो. तिने बाहेर उन्हात नेली. सुगंधाबाईंनीही डोकावून पाहिलं. "आमच्यातलाच निंगाला वो पोट्टा," म्हणाल्या, प्रेमाने.

पक्का रिपोर्ट जिल्ह्याहून येईल. तोवर काही सिद्ध नाही.

पुनम फाटकापाशी थांबली होती. म्हणाली, "पिवळं निंगालं म्हनून मी रागावलो असतो असं वाटलं काय तुले? माह्यंही पिवळंच आहे. तीन महिने थांबलो मी. एक बोट टोचाले किती टाइम लागते रे?"

मी म्हणालो, रिपोर्ट अजून बाकी आहे.

ती म्हणाली, "हेच."

२५ फेब्रुवारी, मंगळवार
मिथुन आला. अंगणात गाडी बंदच करेना. शेवटी जयाने चावी काढून घेतली.

त्याचं पुनमशी जमलं आहे. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, नऊ मार्चला.

म्हणाला, "चार रोजापासून येऊन राह्यलो बे सांगाले, तुह्या दारापासून परत जातो. तिच्या बापानं विचारलं. मी म्हनलं, पह्यले तिले विचारा. तिनं तुह्या कॅम्पापावतर थांबा म्हनलं होतं. अन् निकेश, तूच तं सांगितलं ना, एका घरी पिवळं तं दुसऱ्या घरी पांढरं. तुह्याच तक्त्यावर माह्यं लगन जमलं."

ज्याला कार्ड जपायला मी शिकवलं. ज्याचं प्लास्टिकचं कव्हरही माझंच, स्टेशनरीतून आणलेलं.

आता धोका देणाऱ्यांची यादी पूर्ण झाली. मिथुन. पुनम. गुणवंतराव. मॅडम. स्वतःचा बाप, झिंग्यांसह. आणि ज्याला चोवीस वर्षं अंगात वागवलं, ते माझं स्वतःचं रक्त. इतकी वर्षं एका शब्दाने बोललं नाही.

जयाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "यादीत मी काऊन नाई?" मग म्हणाली, "अन् तू?"

४ मार्च, मंगळवार
रिपोर्ट आला. वाहक. कार्ड पिवळं.

कार्डावर नाव "निकेस" आहे. म्हणजे रक्त दुसऱ्या कुणाचं असू शकतं. गावात निकेस नावाचा माणूस शोधला. नाही. शेजारच्या दोन गावांतही नाही.

पेपरचा निकालही आज. दोन गुणांनी राहिला. प्रश्न चौथ्याला शून्य. मॅडमना भेटलो. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, प्रत्येक मुलाच्या वेळी चारात एक, पुन्हा पहिल्यापासून, तुमच्या घरात सांगणारं कुणी नव्हतं का?

बाबांचं नाव घेतलं नाही.

९ मार्च, रविवार
साक्षगंधाला जाणार नव्हतो. गुणवंतराव स्वतः न्यायला आले. मांडवात पाहतो तर स्टेजशेजारी माझा तक्ता, लॅमिनेट करून टांगलेला. संक्रांतीला त्यांच्याकडेच राहिला होता. माइकवर म्हणाले, "हे आपले निकेशभाऊ. यायनं माह्ये डोळे उघडले. आता सगळ्यायले सांगतीन." आणि हातात काडी दिली.

अडीचशे माणसं. सांगितलं. चांगलं सांगितलं. पहिल्यांदाच कुणी उठून गेलं नाही. मिथुनच्या मामेभावाने तिथल्या तिथे करिष्माचा नंबर मागितला. पुनम स्टेजवरून ऐकत होती, हातातला हार तसाच.

शेवटी सुगंधाबाई पुढच्या रांगेतून ओरडल्या, "अन् हा पांढरा चौकोन कोन आहे गा? एकटाच बसला आहे तो."

काडी तिथेच होती. म्हणालो, तो मी. चुकून पांढरा राहिला.

"मंग रंगव ना!"

लोक हसले. वाईट हसले नाहीत. खिशातलं पेन काढलं, लॅमिनेशनवर शाई धरेना. दोनदा घसरली, बोटाने पुसली. जया उठून आली आणि तिच्या पर्समधली काजळाची कांडी दिली. काजळ धरलं. अर्धाच चौकोन भरला. रेघेबाहेर गेलं नाही.

जया जवळून बघून म्हणाली, "अर्धा तं आला माह्याकडे."

काजळ संपलं म्हणून तिने कांडी मलाच ठेवायला सांगितली.

पंगतीत तिच्याशेजारी बसलो. मिथुन स्वतः वाढत होता, नवरदेव असून. मरळीचा रस्सा. जयाला दोन तुकडे, बाबांना दोन, मायला दोन. माझ्यापाशी आला, पातेलं तिरकं केलं, पळी तळापर्यंत फिरवली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, "निकेश, रस्साच राह्यला बे."

घाल म्हणालो.